ब्लॅक कॅव्हियार आणि ते शेवटचे पन्नास मीटर

काल रात्री झोप येईना म्हणून परत तोच व्हिडिओ लावला. 23 जून 2012, इंग्लंडमधला रॉयल अ‍ॅस्कॉट हा घोड्यांच्या शर्यतींचा सोहळा, त्यातली डायमंड ज्युबिली स्टेक्स ही शर्यत. निकाल पाठ आहे मला, ब्लॅक कॅव्हियार जिंकते, तरी शेवटच्या पन्नासेक मीटरला दर वेळी जीव टांगणीला लागतो.

ज्यांना रेसिंगचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही ऑस्ट्रेलियाची घोडी, जन्म 18 ऑगस्ट 2006, बाप बेल एस्प्रिट, आई हेल्सिंज. लिलावात 2 लाख 10 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली, हेरली ट्रेनर पीटर मूडीने, आणि मालक म्हणजे कोणी एक बडा शेठ नाही तर चक्क मित्रमंडळींचा ग्रुप. गडद तपकिरी रंग, अंगाने धिप्पाड, मागचे पुठ्ठे तर असे की बाजूचे घोडे तट्टू वाटावेत. स्प्रिंटर होती, 1000 ते 1400 मीटर एवढंच. त्यावरून अजून नाकं मुरडणारे लोक आहेत, लांब पल्ल्याचं काही जिंकली का वगैरे. अरे ती स्प्रिंटर आहे, स्प्रिंटच पळणार ना!

तर अ‍ॅस्कॉटला ती 21 पैकी 21 जिंकून आलेली. एवढा लांबचा विमानप्रवास, त्यात रक्त नीट फिरत राहावं म्हणून तिला अंगाला घट्ट बसणारा खास सूट घातलेला, ते फोटो जरूर बघा, घोडी कमी आणि सर्कशीतली कसरतवाली जास्त वाटते. तिकडे मेलबर्नला मध्यरात्र उलटून गेलेली आणि फेडरेशन स्क्वेअरमध्ये लोक मोठ्या स्क्रीनपुढे थंडीत उभे.

शर्यत 1200 मीटरची, सरळ ट्रॅक, आणि शेवटाकडे चढ. ब्लॅक कॅव्हियार पुढे येते, पण नेहमीसारखी सुटत नाही, हे आता परत परत बघितल्यावर कळतं. जॉकी ल्यूक नोलनला वाटलं झालं, जिंकलो, दमलीय बिचारी, आता सांभाळून आणू. आणि त्याने हात थांबवले. घोड्याला ते लगामातून लगेच कळतं, जॉकी गप्प बसला म्हणजे काम संपलं, ती पण सैल पडली. तेवढ्यात फ्रान्सच्या मूनलाइट क्लाउड आणि रेस्टियादार्जां दोघी अंगावर आल्या. नोलन दचकून परत हात मारतो, आणि घोडी एक डोकं पुढे राहून रेषा ओलांडते. फक्त एक डोकं!

नंतर राणी एलिझाबेथ स्वतः खाली येऊन तिच्या नाकावरून हात फिरवून गेली. आणि नोलनला मात्र लोकांनी धू धू धुतला. त्याने चूक सरळ कबूल केली, माफी मागितली. मग तपासणीत निघालं की घोडीच्या मागच्या भागातला स्नायू चांगलाच फाटलाय, म्हणजे ती तसल्या अवस्थेत पळून जिंकली होती. मला तर वाटतं त्याला खालून काहीतरी जाणवलं असणार, पाठीवर बसलेल्या माणसाला जे कळतं ते आपल्याला सोफ्यावरून काय कळणार. चूक होतीच, नाही म्हणत नाही. पण मूडीने त्याला काढला नाही हे मला फार आवडतं.

कारण पुढे बघा ना. दुखापतीमुळे सात-आठ महिने गॅप, परत येईल की नाही हीच शंका, आणि फेब्रुवारी 2013 ला मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर ती लाइटनिंग स्टेक्स पळाली, वरती तोच नोलन, 1000 मीटर 55.42 सेकंदात, ट्रॅक रेकॉर्ड. त्या शर्यतीला तेव्हा तिचंच नाव जोडलं होतं, म्हणजे स्वतःच्या नावाची शर्यत स्वतःच जिंकली बाईंनी. मग एप्रिलमध्ये सिडनीच्या रँडविक रेसकोर्सवर टीजे स्मिथ स्टेक्स ही शर्यत जिंकून रिटायर, 25 पैकी 25.

2024 मध्ये गेली ती. शिंगरू झालं त्याच दिवशी, 17 ऑगस्टला, अठरावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. आधी कासेत दुधाचं इन्फेक्शन झालेलं, ते पायांवर आलं, लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आत सूज येते आणि घोड्याला उभंच राहवत नाही. मूडीने सांगितलं तेव्हा त्याला बोलवत नव्हतं.

ती बातमी मी एकदाच वाचली, परत उघडली नाही. अ‍ॅस्कॉटचा व्हिडिओ मात्र काल तीनदा बघितला, आणि तिन्ही वेळा नोलनचे हात थांबले तेव्हा मी "अरे हाण ना" म्हणून ओरडले, घरचे उठले.