एरंडाचं गुऱ्हाळ

भाषांतर तपासताना एखाद्या शब्दावर अडले की तासन् तास जातात आणि स्वतःचाच वैताग येतो. मग मी जेरोम आणि ऑगस्टीन यांची पत्रं काढून बसते. दोघेही चौथ्या-पाचव्या शतकातले चर्चचे थोर आचार्य, पण भांडण कशावरून? भोपळ्याच्या वेलावरून!

बायबलमधला योना निनवे शहराबाहेर उन्हात बसतो, तेव्हा देव त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक झाड उगवतो. जुन्या लॅटिन भाषांतरात तो होता भोपळा. रोमच्या भुयारी दफनभूमीतल्या भिंतींवरही योना भोपळ्याखाली आडवा पडलेला दिसतो. जेरोमने बेथलेहेममध्ये मूळ हिब्रूवरून नवं भाषांतर केलं आणि भोपळा काढून तिथे आयव्हीचा वेल लावला.

ओएआ, म्हणजे आजचं लिबियातलं त्रिपोली. तिथल्या बिशपने हे नवं भाषांतर उपासनेत वाचायला घेतलं आणि लोक खवळले. पिढ्यान् पिढ्या कानावर पडलेला शब्द बदलला म्हणजे काय! लोक आपल्याला सोडून जातील या धास्तीने बिशपने शब्द मागे घेतला. 403 साली ऑगस्टीनने, जो स्वतः उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप होता, जेरोमला हे सगळं कळवलं, वर सल्लाही दिला: हिब्रूच्या मागे लागण्यापेक्षा बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरावरूनच भाषांतर कर.

ऑगस्टीनला हिब्रू येत नव्हतं, ग्रीकही बेताचंच. त्यात त्याचं एक जुनं, जेरोमवर टीका करणारं पत्र जेरोमच्या हाती पडण्याआधीच रोममध्ये फिरलं होतं. म्हातारा जेरोम आधीच तापलेला. थकलेला बैल पाय जास्त घट्ट रोवतो, असं त्याने तरुण ऑगस्टीनला बजावलंही होतं. (मला जेरोम आवडतो तो असल्या वाक्यांसाठी. संतपणा त्याला फारसा जमला नाही.)

पण 404 सालचं त्याचं उत्तर वाचताना मी दरवेळी थबकते. तो लिहितो, या झाडाची पानं द्राक्षवेलीसारखी रुंद असतात, ते झपाट्याने वाढतं आणि भोपळ्याला किंवा आयव्हीला लागतो तसा आधार न घेता स्वतःच्या खोडावर उभं राहतं. म्हणजे आयव्हीही चूक, हे त्याला पक्कं ठाऊक होतं! मूळ शब्द तसाच ठेवला तर कुणाला कळणार नाही, भोपळा लिहिला तर हिब्रूत नसलेलं लिहिल्यासारखं होईल. म्हणून आधीच्या काही भाषांतरकारांशी जुळणारी आयव्ही घेतली, इतकंच.

वर्णन ओळखलंत? बहुतेक अभ्यासक आज म्हणतात, तो एरंड होता.

1546 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने जेरोमच्या नावाने चालत आलेलं लॅटिन बायबल, म्हणजे व्हल्गेट, अधिकृत ठरवलं, त्यात आयव्ही तशीच. ऑगस्टीनने पुढे ‘देवाचं नगर’ या ग्रंथात हिब्रू आणि ग्रीक या दोन्हींमागे एकच आत्मा बोलतो असं लिहून वाद मिटवला, निदान स्वतःपुरता.

माझा शब्द मात्र अजून कागदावर लोंबकळतोय. दोनदा खोडला, दोनदा परत लिहिला.