जे, क्यू, एक्स, झेड : लांब शब्दांच्या वहीतून

या महिन्यात चारच अक्षरं धरली होती: जे, क्यू, एक्स आणि झेड. चौघांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीतली दोन्ही अक्षरं असलेला, जमेल तितका लांब इंग्रजी शब्द शोधायचा. आधी डोक्यातून, कागदावर. शब्दकोश नंतर, फक्त पडताळायला. संगणकाला शब्दांची यादी गाळायला सांगितली तर उत्तर क्षणात येतं, पण मला खरी गोडी आठवण्यात आहे, म्हणून तो शेवटी उघडते.

सुरुवात जे-एक्सपासून केली. पहिल्यांदा कानात वाजला तो लंबरजॅक्स. लिहून बघितला तर शेवटी सी-के-एस, एक्स कुठेच नाही. असं इतक्यांदा झालंय की त्याचं कारण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: आपण इंग्रजी शब्द कानाने साठवतो, आणि बरेचदा देवनागरीतूनच. एक्झॅमिनेशनमध्ये झेड ऐकू येतो, पण लिहिताना असतो एक्स. उलट जेपर्डाइझमध्ये ‘ई’ला लागून एक ‘ओ’ असतो, तो बोलताना कधी जाणवतच नाही. म्हणून आता शब्द सुचला की आधी चौकटीच्या कागदावर उतरवते, एका चौकटीत एक अक्षर. मोजणीही तिथेच होते.

जे-एक्सला शेवटी जक्स्टापोझिशन मिळाला, १३ अक्षरं. जे-झेडला जेपर्डाइझिंग, १२. एक्स-झेड सगळ्यात सोपी जोडी, कारण झेडला ‘-आयझेशन’ हे सात अक्षरांचं शेपूट आयतं मिळतं: मॅक्सिमायझेशन १२, आणि एक्स्टर्नलायझेशन चक्क १५. क्यू-झेडला इक्वलायझेशन, १२. इथे एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. ही रूपं एसनेही लिहितात, आणि तसं लिहिलं की झेड हातातून जातो. मी ऑक्सफर्डची झेडवाली रूपं धरते, मग वाद राहत नाही. क्यू-एक्सला एक्स्क्विझिटनेस, १३.

अडकले ती जे-क्यूपाशी. दोन दिवस जॉन्क्विल या सात अक्षरांच्या फुलापुढे गाडी सरकेना. क्यूमागे यू जवळजवळ नेहमी हवाच, आणि त्या दोघांच्या शेजारी जे बसेल असं रूप इंग्रजीत फार कमी. शेपटं लावून काही होईना, तेव्हा झाडाफुलांच्याच दिशेने आणखी पुढे गेले आणि जेक्विरिटी सापडला, नऊ अक्षरांचा. अर्थ वाचला तर ती आपली गुंज! लालभडक बी, टोकाला काळा ठिपका. लहानपणापासून ओळखीची वस्तू, फक्त या नावाने कधी भेटली नव्हती. या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला शब्द हाच, लांबीने मागे असला तरी.

जोड्या झाल्यावर हीच चार अक्षरं घेऊन माझ्या जुन्या आवडत्या प्रकाराकडे वळले: ज्या शब्दात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही, तो. यातले १५ अक्षरांचे दोन शब्द शौकिनांना पाठच असतात. एक डर्मॅटोग्लिफिक्स, म्हणजे बोटांवरच्या आणि तळव्यांवरच्या रेषांचा अभ्यास. हा शब्द हॅरल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिडलो यांनी १९२६ मध्ये घडवला. ‘फि’ ऐकून त्यात एफ शोधू नका, तिथे पी-एच आहे, आणि त्यामुळेच त्याला दोन चौकटी जास्त मिळतात असं नाही, एकच जास्त मिळते. दुसरा अनकॉपीराइटेबल. तो चौकटीत भरून बघाच. पुढे यू-एन, मागे ए-बी-एल-ई, मध्ये कॉपीराइट, आणि तीन तुकड्यांपैकी कुणीही दुसऱ्याचं अक्षर पळवत नाही. पाचही स्वर येतात, वायसुद्धा येतो. ‘राइट’मधले मुके जी आणि एच इथे फुकटची दोन अक्षरं देऊन जातात.

या प्रकारात शेपूट जपून निवडावं लागतं. ‘-नेस’ बाद, कारण दोन एस. ‘-आयझेशन’ही बाद, त्यात आय दोनदा. चालतात ती ‘-एबल’, ‘-एबली’, ‘-इंग’, ‘-ली’. एवढं ध्यानात घेऊन बसले तर एक्ससाठी अँबिडेक्स्ट्रसली निघाला, १४ अक्षरं. झेडसाठी कस्टमायझेबल, १२. क्यूसाठी क्वेश्चनेबली, १२, आणि त्यातही पाच स्वर अधिक वाय. हा इतका रोजच्या वापरातला शब्द आहे की तो हाताशी असून दिसला कसा नाही, याचं नवल वाटलं.

जेच्या रकान्यात मात्र लंबरजॅक्सच बसलाय. आधी एक्ससाठी नाकारलेला, इथे अकरा वेगवेगळी अक्षरं घेऊन परत आला. काल रात्री ऑब्जेक्शनेबली सुचला तेव्हा १३ अक्षरं पाहून उठून बसले होते. चौकटीत भरला, तर ओ दोनदा, बीसुद्धा दोनदा.