आमची वाटचाल: ड्रायव्हरच्या साठ्यापासून विनाड्रायव्हर छपाईपर्यंत

लिनक्सवर प्रिंटर बसवून देणे आणि तो चालता ठेवणे, हे आमच्या फर्मचे काम. सुरुवातीला आमची सारी भिस्त ड्रायव्हरच्या, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साठ्यावर होती. प्रिंट येत नाही म्हटले की जुना ड्रायव्हर काढायचा, दुसरा टाकायचा, तरी नाही आली तर तिसरा. आज नवा ड्रायव्हर टाकणे हा आमचा शेवटचा उपाय असतो, आणि बऱ्याचदा ती वेळच येत नाही.

लिनक्सवरची छपाई कप्स या व्यवस्थेतून होते. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली आणि १९९९ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. त्यात प्रत्येक कामाला रांग, फिल्टर आणि बॅकएंड असे तीन टप्पे ओलांडावे लागतात. रांगेत काम आपली पाळी येईपर्यंत थांबते. फिल्टर पीडीएफचे प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो, बॅकएंड तो माल केबलवरून किंवा नेटवर्कवरून पोचवतो. ड्रायव्हरचा संबंध मधल्या टप्प्याशी. अडकलेले काम रांगेत किंवा बॅकएंडमध्ये असेल, तर दहा ड्रायव्हर बदलूनही ते सुटत नाही.

म्हणून आधी टर्मिनलमध्ये रांगांची स्थिती दाखवणारा आदेश, 'एलपीस्टॅट -टी'. रांग 'डिसेबल्ड' दिसली तर ड्रायव्हरला हातही लावू नये. केबल मध्येच निसटली एवढ्यानेही कप्स रांग थांबवू शकते, आणि मग केबल परत लावली तरी ती आपोआप सुरू होत नाही. 'कप्सएनेबल' आणि पुढे रांगेचे नाव, एवढे पुरते. हे वरचेवर होत असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे ६३१ नंबरचे पोर्ट उघडून त्या रांगेची एरर पॉलिसी (अडचण आल्यावर काय करायचे तो नियम) 'स्टॉप-प्रिंटर'वरून 'रिट्राय-जॉब' करावी. नेटवर्कवरचा प्रिंटर असेल तर रांगेतला आयपी पत्ता आणि प्रिंटरचा आजचा पत्ता ताडून पाहावा. राउटरने पत्ता बदलला असेल तर रांगेत नवा पत्ता घालावा आणि तो राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवावा.

'फिल्टर फेल्ड' असा संदेश आला, तरच गोष्ट ड्रायव्हरच्या अंगणात आली. तो संदेश मात्र कारण सांगत नाही. कारण लॉगमध्ये, म्हणजे कप्स ठेवते त्या नोंदवहीत, असते. 'कप्ससीटीएल' आदेशाने डीबग लॉगिंग (बारीकसारीक नोंदी) चालू करावे, एकच पान छापायला द्यावे, लगेच लॉगिंग बंद करावे आणि कप्सच्या एरर लॉगमध्ये त्या कामाचा क्रमांक शोधावा. एकच पान यासाठी, की चार कामे एकत्र गेली तर ओळींची सरमिसळ होते.

तिथे वारंवार भेटणारी एक ओळ नवख्याला चकवते: फिल्टरची फाइल सापडत नाही. पाहावे तर फाइल जागच्या जागी! बहुधा ती ३२ बिटची असते आणि मशीन ६४ बिटचे. खरे तर हरवलेला असतो तो ती फाइल चालवणारा ३२ बिटचा लोडर, पण संदेशात नाव फाइलचे येते. कॅननचे जुने कॅप्ट ड्रायव्हर आणि ब्रदरचे बरेच ड्रायव्हर इथेच अडतात. 'फाइल' हा आदेश त्या फिल्टरवर चालवला की किती बिटचा ते कळते. मग ३२ बिटच्या लायब्ररी टाकाव्यात. ब्रदरच्या अनेक काळ्या-पांढऱ्या लेझरसाठी 'बीआरलेझर' हा मुक्त ड्रायव्हर आहे, आम्ही आधी तोच वापरून पाहतो.

दुसरी ओळ 'इनसिक्युअर परमिशन्स'ची. फिल्टर कोणालाही बदलता येईल अशी परवानगी त्यावर असेल तर कप्स तो चालवायला नकार देते, आणि ते योग्यच आहे. मालकी रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे, परवानगी ७५५, म्हणजे बदल फक्त मालकाला. घाईघाईत ७७७, म्हणजे बदलाची मुभा सगळ्यांना, देणाऱ्याने हीच अडचण ओढवून घेतलेली असते.

एचपी लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरची गोष्ट वेगळी. त्याचे फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, संगणकाकडून येते आणि प्रिंटर बंद झाला की पुसले जाते. एचपीलिप या एचपीच्या लिनक्ससाठीच्या ड्रायव्हर-संचात त्यासाठी प्लगइन (जोड-भाग) लागतो, आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. सिस्टीम अपडेटनंतर असा प्रिंटर गप्प झाला तर 'एचपी-प्लगइन' पुन्हा चालवावे. एरवी काहीही बिघडलेले नसते.

काही बिघाड कागदच सांगतो. पानाच्या डोक्यावर टक्केचिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस' ही अक्षरे, खाली ओळीच्या ओळी न कळणारा मजकूर, आणि एकामागून एक पाने: पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा न समजणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट गेले आहे. रांगेला चुकीचे मॉडेल जोडलेले असते. सगळे बरोबर दिसत असून प्रिंटर नुसता दिवा लुकलुकवत थांबला असेल, तर कागदाचा आकार पाहावा. ट्रेमध्ये ए४ आणि रांगेत 'लेटर' असेल, तर तो बिचारा लेटर कागदाची वाट पाहत बसतो.

अलीकडच्या मशीनना यातले बरेच काही लागत नाही. वेगळ्या ड्रायव्हरविना छापू देणारे अ‍ॅपलचे एअरप्रिंट २०१० मध्ये आले, आणि ते किंवा त्याच धर्तीचे आयपीपी एव्हरीव्हेअर जाणणारा प्रिंटर, रांग बनवणाऱ्या 'एलपीअॅडमिन' आदेशामध्ये मॉडेल म्हणून 'एव्हरीव्हेअर' लिहिले की चालतो. यूएसबीवर हेच काम 'आयपीपी-यूएसबी' ही सेवा करते. तिथे एक खाच आहे: ही सेवा यूएसबी जोडणी स्वतःच्या ताब्यात घेते, त्यामुळे त्याच प्रिंटरची जुनी ड्रायव्हरवाली रांग अडते. दोन्ही एकत्र ठेवू नयेत. जुनी रांग काढावी, आणि जुना ड्रायव्हर हवाच असेल तर ही सेवा बंद करावी.

प्रिंटर ठरलेले असतात तिथे आम्ही नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधून जोडणारी 'कप्स-ब्राउझ्ड' ही सेवाही बंद करतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिच्यातल्या गंभीर त्रुटी जाहीर झाल्या, आणि हाताने जोडलेल्या रांगांना तिची गरज नसते. कप्सच्या ३.० आवृत्तीत जुन्या पीपीडी फाइलींना (ड्रायव्हरसोबत येणाऱ्या, प्रिंटरची माहिती सांगणाऱ्या फाइली) थारा नसेल. म्हणून पीपीडीवर चालणाऱ्या प्रत्येक प्रिंटरची यादी आम्ही आताच करून ठेवतो: मॉडेल, ड्रायव्हरचे नाव, आवृत्ती आणि जोडणीचा पत्ता. त्यातले जे 'प्रिंटर ॲप्लिकेशन'वर, म्हणजे ड्रायव्हरची जागा घेणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रामवर, चालतात ते एकेक करून तिकडे हलवायला घेतले आहेत.