ना कापूस, ना रेल्वे, तरी माग

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इचलकरंजीचा म्हटलं की प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडं कापूस पिकत नाही, गाडी धरायला हातकणंगल्याला जावं लागतं, मग एवढे माग आले कुठून?" विचारणाऱ्याच्या तालुक्यात बहुतेक वेळा एमआयडीसीच्या प्लॉटांवर बाभळी उगवलेल्या असतात.

शाळेतलं उत्तर असं: जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला पाठबळ दिलं आणि १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. खरं आहे. पण उद्योगाला हात देणारे राजे आणखीही होते. औंधकरांनी १९१० मध्ये किर्लोस्करांना कुंडलचं माळरान दिलं. तिथं किर्लोस्करवाडी झाली, पण घरटी कारखाना काही झाला नाही.

मला विचाराल तर निम्मं उत्तर आमच्या शेडमधल्या भिंतीत आहे. शेड एक, माग चोवीस. पण वडील आणि दोन काका अशी नावं तीन, विजेचे मीटर तीन, मधे दोन अर्ध्या विटेच्या भिंती. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की तेव्हा १९४८ चा कारखाना कायदा लागायचा. अबकारी करातही मोठ्या गिरणीपेक्षा लहान मागवाल्याला सवलत असायची. मग मोठं व्हायचं कशाला? भिंतीला दार ठेवलेलं होतं, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, दिवसभर तिन्हीकडं फिरायचा. तपासनीसालाही ते दार दिसत असणारच! १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा तिथलं बरंच काम भिवंडी, मालेगाव आणि आमच्यासारख्या गावांकडं वळलं. दिल्ली-मुंबईत आखलेल्या रेषा आमच्या शेडमध्ये विटांच्या झाल्या, एवढंच.

उरलेलं निम्मं गल्लीत. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, आमची नुसती मजुरी. भांडवल बेताचं लागायचं, पण रात्री दोन वाजता धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारा मागाचा भाग, फुटला तर शेजारच्या शेडमधून दुसरा मिळायचा, नोंद नाही की चिठ्ठी नाही. सायझिंगहून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, उभ्या सुताचं बीम हातगाड्यावर यायचं. धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावशी पलीकडच्याच गल्लीतल्या. कालचा कामगार उधारीवर चार जुने माग घेऊन मालक व्हायचा आणि वडील कुरकुरत का होईना, त्याला व्यापाऱ्याकडं घेऊन जायचे. प्लॉट, रस्ता, वीज सरकार देऊ शकतं; रात्री दोनचा धोटा कुठल्या योजनेत बसवणार?

याची दुसरी बाजूही सांगतो. बारकं राहण्यातच फायदा, म्हणून आम्ही बारकेच राहिलो. बिनधोट्याचे माग आले तेव्हा तिघांपैकी एकाचीही पत बँकेत पुरेना. विजेच्या सवलतीवर तग धरून होतो. पंचगंगेकाठचं गाव, पण नळाला पाणी काही दिवसांआड. २०२२ मध्ये महापालिका झाली, तरी पाण्याची वाट बघणं सुटलं नाही.

गेल्या वर्षी चुलतभावानं त्याचे आठ माग भंगारात किलोवर घातले. त्याच्या भागात आता पार्किंग आहे. गाड्या आत घेताना मधली भिंत आडवी येते, म्हणून ती पाडायचं चाललंय.