तुम्ही विचारलंत म्हणून: पुरात बुडालेला ट्रॅक्टर चालू कसा झाला?

सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत आमच्या दारात छोटा ट्रॅक्टर उभा दिसला की पाहुणे हटकून विचारतात, "हा महापुरात बुडालेला ना? मग चालू कसा केलात?" खरं उत्तर एका वाक्याचं आहे. पहिल्या दिवशी आम्ही त्याला स्टार्टर मारला नाही.

ट्रॅक्टर मित्सुबिशी शक्ती, तीन सिलिंडरचा, साडेअठरा हॉर्सपॉवरचा. आप्पांनी २००४ साली जुनाच घेतलेला. पलूसच्या अंगाला आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर नेला की काड्या मोडतात, हा मात्र ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, ओढत अलगद निघून जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीनं फवारणीमागून फवारणी चालते, तेव्हा घरातल्या माणसांपेक्षा त्याचीच जास्त गरज असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, ट्रॅक्टर शेडमध्येच राहिला. आठवड्यानं परतलो तर बॉनेटवर बोटभर गाळ बसलेला. मी उतावीळ झालो होतो, शेजारून चांगली बॅटरीही मागून आणली. आप्पांनी किल्ली काढून खिशात घातली. म्हणाले, "आधी पोटातलं पाणी काढ."

तेव्हा मला राग आला होता. चारच दिवसांनी गावातल्या दुसऱ्या एका ट्रॅक्टरला कुणीतरी घाईनं स्टार्टर मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर सगळा जोर रॉडवर येतो. पुरातून निघालेल्या इंजिनांचं मरण बहुतेक वेळा असं नंतर ओढवतं, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

डिपस्टिक ओढली तर तेल खुणेच्या कितीतरी वर चढलेलं, रंग दुधाळ चहासारखा. इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरचा नट ढिला केला. आधी नुसतं पाणी आलं, बराच वेळ आलं, कारण ते जड असल्यानं तळाला बसलेलं. मग ती घट्ट दुधाळ साय, आणि शेवटी थोडं काळं तेल. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढले आणि इंजिन हातानं फिरतंय का बघायला पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला. पाना हललाच नाही.

नोझलच्या भोकांतून डिझेल आणि थोडं तेल सोडलं आणि वाट बघत बसलो. रोज सकाळ-संध्याकाळ पाना थोडा पुढे, थोडा मागे, जोर न करता. सहाव्या दिवशी संध्याकाळी कर्रकन आवाज झाला आणि पुली दोन बोटं फिरली. आप्पा अंगणात पाय धूत होते, ते तसेच ओल्या पायांनी धावत आले.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवल्यावर कळलं, दोन सिलिंडरांत पाणी जवळजवळ शिरलंच नव्हतं. इंजिन बंद पडताना तिसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, पाणी तिथूनच शिरलं. त्याच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, गंजाचं तांबडं कडं उमटलेलं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या पट्ट्यात लेथवर हात बसलेल्या माणसांची वाण नाही. किर्लोस्करवाडीत उभी हयात काढलेल्या एका टर्नर काकांनी बोटाचं पेर आतून फिरवलं आणि म्हणाले, "बोअर वाचलाय, होनिंगवर भागेल." होनिंग म्हणजे आतून बारीक घासणं. पिस्टन तेच ठेवले, रिंगा नव्या घातल्या.

पुढचं काम कंटाळवाणं, पण चुकवता येत नाही. गिअरबॉक्स डिझेलनं दोनदा धुतला. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली, त्यासाठी ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागले. चाकांच्या बेअरिंगमध्ये गाळ होता, ऑइलसील सगळी बदलली. भंगारवाला अठरा हजार देत होता, आमचे सत्तेचाळीस गेले. ते परवडलं, कारण या कामाचा दुसरा ट्रॅक्टर त्या पैशात आला नसता. रंगाचा डबा मी आधीच आणून ठेवला होता, तो मात्र इंजिन चालेपर्यंत फोडला नाही.

डिसेंबरात एका सकाळी फिल्टरचा बोल्ट ढिला करून पंप मारत राहिलो. फसफसणारं डिझेल बुडबुडे संपून सरळ धारेनं आलं, तशी डिझेलच्या नळीत अडकलेली हवा निघाली. आप्पांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. आधी पांढरा धूर, मग एक सिलिंडर, मग दोन, आणि मग तिन्हींचा तो ओळखीचा एकसंध आवाज. आई आतून बाहेर आली आणि तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढू लागली. आयर्विनला पाणी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकतंय असं कळताच मागे ट्रॉली जोडली. धान्याची पोती, आईच्या ट्रंका, आणि मडगार्डवर आप्पा. अंधार पडायच्या आत बागेच्या वरच्या बांधावर पोचलो होतो.