फ्लेमिंगोंची खबर इन्स्टावर आणि फेसबुकवर एकदमच: अकाउंट जोडण्याचा माझा अनुभव

आमचा पक्षीनिरीक्षकांचा ग्रुप नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्स भागातला. थंडी सुरू झाली की ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात ते थेट मेपर्यंत असतात. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की त्यातले थवे डीपीएस तळ्यावर आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर येऊन बसतात. म्हणजे बघायला जायचं तर भरतीची वेळ माहीत हवी. ती वेळ लोकांना कळवायची, लांबून बघा, ड्रोन उडवू नका, दगड मारून थवा उठवू नका हे सांगायचं आणि तळ्यात पाणी यायची वाट बुजत असेल तर तेही फोटोसकट दाखवायचं, हे आमचं काम. पाणी अडलं की तळं आटतं आणि पक्षी पाठ फिरवतात. म्हणून खबर जितक्या लोकांपर्यंत जाईल तितकी जावी असं मनापासून वाटतं.

पण आमचे लोक दोन ठिकाणी वाटलेले. सकाळी फिरायला येणारे काका-काकू फेसबुकवर, तर कॉलेजची मुलं इन्स्टावर. एकीकडे टाकलेलं दुसरीकडे टाकायचं राहून जायचं. कॅमेरा घेऊन फिरणारी मुलगी इन्स्टा सांभाळायची, फेसबुक पेज मात्र महिनोन्महिने सुनं. दोन्ही अकाउंट जोडून टाकू, असं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल, तर पेज कोणाच्या ताब्यात आहे हे शोधण्यात. इन्स्टा पेजला जोडायचं तर जोडणाऱ्याकडे त्या पेजचा 'फुल कंट्रोल' लागतो. नुसतं पोस्ट टाकता येणं पुरत नाही. आमचं पेज ज्या दादांनी सुरू केलं ते नोकरीनिमित्त पुण्याला गेलेले. त्यांना फोन केला. "दादा, पेजचा पूर्ण ताबा तुमच्याकडेच आहे का हो?" ते म्हणाले, "असेल की. मी बरेच दिवस उघडलंच नाहीये. तू सांग, काय दाबायचं ते." मग मी फोनवर सांगत गेले आणि ते पेजच्या सेटिंग्जमध्ये 'पेज ॲक्सेस'पर्यंत पोचले. तिथून त्यांनी मला आणि ग्रुपमधल्या आणखी एका काकांना पूर्ण ताबा दिला. दोघांना मुद्दाम. एकाच माणसाच्या फोनवर अख्ख्या ग्रुपचं पेज अवलंबून असणं मला धोक्याचं वाटतं. फोन हरवतो, नंबर बदलतो, माणूस गाव सोडतो.

कोणी विचारेल, पेज कशाला, कोणाच्या तरी स्वतःच्या प्रोफाइलवरच पोस्ट जाऊ देत की. तसं नको. ग्रुपचं काम एका व्यक्तीच्या भिंतीवर अडकतं, हे एक कारण. दुसरं असं की ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरच्या ॲप्सना वैयक्तिक प्रोफाइलवर आपोआप पोस्ट टाकायला बंदी केली आहे. पेजवर मात्र चालतं. उद्या दुसरं एखादं साधन वापरायचं ठरलं तरी पेज असलेलं बरं.

त्यानंतरची जोडणी सोपी. इन्स्टा अकाउंट आधी 'प्रोफेशनल' केलं. त्याला पैसे पडत नाहीत. मग 'एडिट प्रोफाइल'मध्ये 'पेज' या ओळीवर जाऊन आमचं पेज निवडलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली, कारण दोन जोडण्या एकसारख्या दिसतात. 'अकाउंट्स सेंटर' आहे ते माणसाचं: माझं फेसबुक प्रोफाइल आणि इन्स्टा तिथे एकत्र येतात. पेजची जोडणी आहे ती ग्रुपची. आपोआप शेअर करण्याची सोय अकाउंट्स सेंटरमध्ये असते, आणि तिथे पोस्ट कुठे जायची ते निवडावं लागतं, माझ्या प्रोफाइलवर की पेजवर. पेज निवडलंय याची खात्री करूनच पुढे गेले. स्टोरी, पोस्ट आणि रील यांची बटणं वेगवेगळी आहेत. आम्ही फक्त पोस्ट आणि स्टोरी चालू ठेवली.

पहिली पोस्ट दोन्हीकडे एकदम दिसली तेव्हा फार बरं वाटलं. फेसबुकवर सीवूड्सच्या एका काकूंनी लगेच विचारलं, "उद्या नातवाला घेऊन किती वाजता येऊ?" त्यांना इन्स्टा माहीतही नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. जोडणी म्हणजे दोन पोस्ट एकच होणं नव्हे. प्रत शेअर होते आणि तिथून पुढे दोन्ही सुट्या. इन्स्टावर मजकूर सुधारला तर फेसबुकवर जुनाच राहतो. इन्स्टावरची पोस्ट काढली तरी फेसबुकवरची तशीच असते. फोटोखाली दोन ओळी चुकल्या तर चालून जातं, पण आमच्या पोस्टमध्ये भरतीची वेळ असते. ती एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चुकीची राहिली, तर माणसं उन्हात रिकामं तळं बघून परत जातील. म्हणून नियम केला: वेळ बदलली की दोन्हीकडे हाताने बदलायची, आणि बदलणाऱ्याने ग्रुपवर 'दोन्हीकडे केलं' असं लिहायचं.

भरतीची वेळही रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे 'रोज सकाळी सातला' अशी ठरावीक पोस्ट लावून उपयोग नाही. आम्ही आता मेटा बिझनेस सूट वापरतो, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टा दोन्ही एकाच जागेवरून सांभाळायचं मेटा कंपनीचं साधन. भरतीचं कोष्टक समोर ठेवून शनिवार-रविवारच्या पोस्ट आधीच लावून ठेवते. आदल्या संध्याकाळी पोस्ट गेली की लोकांना सकाळचं ठरवता येतं. तिथेच एका पोस्टचा मजकूर फेसबुकसाठी वेगळा आणि इन्स्टासाठी वेगळा लिहिता येतो. ही सोय मला आपोआप शेअरपेक्षाही मोलाची वाटते. इन्स्टाच्या कॅप्शनमधल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, त्यामुळे तिथे रस्ता शब्दांत लिहिते. फेसबुकवर नकाशाची लिंक देते, कारण काकांना तीच हवी असते. हॅशटॅगची माळ इन्स्टावर. फेसबुकवर ती वाचायला त्रास होतो, म्हणून काढते.

दोन्हीकडचे मेसेज आणि कॉमेंट सूटच्या एकाच इनबॉक्समध्ये दिसतात, हाही मोठा आधार. जखमी पक्षी दिसल्याचा निरोप कुठूनही येऊ शकतो आणि तो तासाभराने वाचून चालत नाही.

एक्सला मी जोडलं नाही. इन्स्टाने डिसेंबर २०१२ मध्ये तेव्हाच्या ट्विटरवर फोटो थेट दिसण्याची सोय काढून घेतली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये फोटोची झलक परत आली, तरी तिथे जाते ती लिंकच, आणि लिंक बघून तळ्यावर कोण येणार? शिवाय तिथे फुकटच्या अकाउंटला २८० अक्षरांची मर्यादा आणि देवनागरीत काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. 'मुंबई'चे पाच होतात. पाणी अडल्याची तक्रार महापालिकेला टॅग करून टाकायची असते तेव्हा तेवढी वेगळी, छोटी लिहिते.

'एका क्लिकमध्ये दहा ठिकाणी पोस्ट' म्हणणारी ॲप्स बरीच आहेत. एखादं वापरायचंच असेल तर एक बघावं: ते फेसबुकच्या स्वतःच्या लॉगिन पानावर नेऊन परवानगी मागतंय, की पासवर्ड त्या ॲपच्याच चौकटीत टाकायला सांगतंय? दुसरं असेल तर तिथूनच परत फिरावं. अकाउंट जोडलेली असताना एक हातचं गेलं तर दुसरंही धोक्यात येतं. पेजचा ताबा असलेल्या आम्ही तिघांनीही टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप) लावलं, आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून काकांच्या कपाटात ठेवले.

ऑक्टोबरमध्ये, पक्षी यायच्या आधी, आता एक काम ठरलेलं आहे. पेज ॲक्सेसची यादी उघडायची, जे ग्रुपमध्ये नाहीत त्यांना विचारून काढायचं, नवीन मुलांपैकी कोणाला फक्त पोस्ट टाकण्यापुरता प्रवेश द्यायचा ते ठरवायचं आणि एक चाचणी पोस्ट टाकून ती दोन्हीकडे दिसते का बघायचं. या वर्षी ते काम कॅमेरावालीने मागून घेतलं आहे.