सात दिवसांनी हुकलेली आजाररजा

ऑक्टोबर २०१९ मध्ये माझ्या भाच्याला डेंग्यू झाला. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून कामाला होता. नऊ दिवस तो अंथरुणावर होता आणि पुढच्या पगाराच्या चिठ्ठीत त्या नऊ दिवसांपुढे सरळ खाडे मांडलेले होते. "मामा, दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापतात, मग आजारी पडल्यावर ते कुठे जातात?" असे त्याने मला विचारले. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. मी सातपूरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात सव्वीस वर्षे हजेरी आणि रजेची रजिस्टरे लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर माझ्याकडेच असणार, असे त्याने गृहीत धरले होते. उत्तर होते, पण ते त्याला आवडणारे नव्हते.

कामगारांच्या बोलण्यात पीएल (कमावलेली पगारी रजा), सीएल (नैमित्तिक रजा) आणि एसएल अशा तीन रजा असतात. त्यांपैकी एसएल, म्हणजे आजारपणाची वेगळी भरपगारी रजा, १९४८ च्या कारखाना कायद्यात नव्हतीच. कंपनीने किंवा युनियनच्या कराराने दिली तर ती मिळे. कायद्यात होती ती वार्षिक पगारी रजा आणि तीही काम करून कमवावी लागे. एका कॅलेंडर वर्षात किमान २४० दिवस भरले, की दर वीस दिवसांमागे एक या हिशेबाने पुढच्या वर्षाच्या खात्यावर रजा जमा होत असे. वर्षाच्या मध्येच रुजू झालेल्याला उरलेल्या दिवसांपैकी दोन तृतीयांश दिवस भरावे लागत. भाचा या ठेकेदाराकडे १३ फेब्रुवारीला लागला होता. वर्षाचे ३२२ दिवस उरले होते, म्हणजे त्याला २१५ भरायचे होते, आणि ते भरले तरी रजा उगवणार होती २०२० मध्ये. ऑक्टोबरमध्ये त्याचे रजेचे पान कोरेच होते.

त्याच कायद्यातली एक तरतूद मात्र कामगारांना क्वचितच कुणी सांगत असे. एरवी पगारी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागे. पण शिल्लक असलेली रजा आजारपणासाठी हवी असेल, तर ही अट लागू नव्हती. तरीही "अर्ज आधी का दिला नाही?" असे विचारणारे अधिकारी मी पाहिले आहेत. एकदा खिडकीशी उभ्या असलेल्या एका फिटरने "साहेब, ताप काय पंधरा दिवस आधी कळवून येतो?" असे विचारले, तेव्हा मी रजिस्टरात मान घालून हसू दाबले होते.

आता ईएसआयकडे वळतो, कारण कमी पगाराच्या कामगाराची खरी आजाररजा तीच आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याचा पाऊण टक्का वर्गणी म्हणून कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. भाच्याचा पगार १४,००० होता. त्याचे १०५ रुपये जात आणि त्याच्या नावावर मालकाकडून ४५५ येणे अपेक्षित होते. याच्या बदल्यात आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, मिळू शकते. पहिले दोन दिवस धरले जात नाहीत. रोज पाचशे धरला, तर नऊ दिवसांच्या आजारात सात दिवसांचे २,४५० रुपये होतात.

हे पैसे त्याला मिळाले नाहीत, आणि त्यात ईएसआय कार्यालयाची चूक नव्हती. पैशांसाठी वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि ती सहामाही आजारपणाच्या बरीच आधीची असते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, तर ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. आपल्या द्राक्षबागाईतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तयार झालेल्या काडीवरचा घड तोही जानेवारीनंतरच उतरवतो. भाच्याने २०१९ चा सबंध उन्हाळा आणि पावसाळा एकही खाडा न करता काढला होता. पण ऑक्टोबरच्या तापासाठी मोजली गेली ती २०१८ चा ऑक्टोबर ते २०१९ चा मार्च ही सहामाही. त्याच काळात दिवाळीला जुन्या ठेकेदाराचे काम संपले आणि फेब्रुवारीपर्यंत तो घरी होता. जुन्या पगारचिठ्ठ्या मांडून आम्ही दोघांनी दिवस मोजले. आधीचे ३१ आणि नंतरचे ४० मिळून ७१ भरले. सात कमी पडले.

उपचार मात्र त्याला मिळाले, कारण चालू नोकरीत वर्गणी लागू असली की विमेदाराला औषधोपचाराचा हक्क असतो. ७८ दिवसांची अट रोख रकमेची आहे. ही दोन खाती वेगळी आहेत, हे ठेकेदाराने त्याला कधीच सांगितले नव्हते. सांगणे त्याच्या सोयीचेही नसावे.

दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यातही आजारपणाची वेगळी रजा नाही. वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा तिमाहीने खात्यावर चढते आणि वापरली नाही तर वर्षअखेरीस बुडते. आमच्या शेजारच्या शासकीय कर्मचाऱ्याचे गणित निराळे आहे. त्यांना वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा मिळते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगारी करून घेतली, की एका दिवसापोटी दोन दिवस खर्ची पडतात. त्यांनाही रजा कमवावीच लागते, पण ठेकेदार बदलला म्हणून त्यांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही.

कारखाना कायद्याची जागा घेणारी २०२० ची कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि २४० दिवसांची अट १८० वर आली. वीस दिवसांना एक हा दर तोच राहिला. साठ दिवसांचा हा फरक कागदावर लहान दिसतो; पण सीझन संपला की घरी बसवल्या जाणाऱ्या माणसासाठी मला तो सगळ्या बदलांत मोठा वाटतो.

भाच्याच्या घरी स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर सूनबाई दुधाचे खाडे निळ्या पेनाने लिहिते. २०२० च्या जानेवारीपासून त्याच चौकटींत लाल पेनाने कामाचे दिवस मोजलेले दिसतात, आणि मार्च व सप्टेंबरच्या शेवटच्या तारखेखाली सहामाहीची बेरीज असते.